पाचवी जागा

१

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मुलगा आणि सून कामावर गेली की, रमणराव केळुसकर स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहत, उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ करत आणि शेगडीच्या खटक्याकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हणत, "गॅस बंद!"

मग न्हाणीघराशी, "गीझर बंद!" मग बाल्कनीच्या सरकत्या दारासमोर, "कडी लावलेली!" आणि शेवटी बाहेरच्या दाराकडं, "कुलूप घातलेलं!"

चार जागा, चार वाक्यं. सत्तरी उलटलेल्या, संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या, पुण्यात एकतीस वर्षं प्राध्यापकी केलेल्या माणसाला हे करताना पहिला आठवडाभर लाज वाटली. पण लाज परवडण्यासारखी परिस्थिती नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांनी दूध तापत ठेवलं आणि वाचत बसले. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस तसाच चालू राहिला. सून पूर्वा बाजारातून परत आली तेव्हा वास जिन्यापर्यंत येत होता, आणि चार वर्षांची चिकू आतल्या खोलीत झोपलेली होती.

पूर्वा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. सप्टेंबरपासून तिला शाळेत नोकरी लागणार होती. नातीला सांभाळायला म्हणून तर रमणराव आणि त्यांच्या पत्नी कलावतीबाईंना मस्कतजवळ अल हैलला बोलावून घेतलं होतं. कलावतीबाईंचे गुडघे गेलेले. पोरीमागं धावायचं ते रमणरावांनीच. आणि त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नसेल तर... हे वाक्य त्या घरात कुणी पुरं केलं नव्हतं.

उपाय धनंजयनं काढला. तो बरका गावाच्या पुढं, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एका प्लांटवर इंजिनियर होता.

"बाबा, रागवू नका," तो म्हणाला. "आमच्याकडं ते जपानी सुपरवायझर आहेत ना, ते करायला लावतात. व्हॉल्व्ह बंद केला की नुसतं बघायचं नाही. बोट दाखवायचं आणि मोठ्यानं बोलायचं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे हसलो. पण चुका कमी झाल्या, हे खरं."

"किती कमी? नमुना केवढा घेतला होता?"

"बाबा!"

"करा हो," कलावतीबाई खुर्चीतून म्हणाल्या. "कवायत होईल. तेवढीच ढेरी उतरेल."

ढेरी उतरली नाही, पण गॅसही पुन्हा चालू राहिला नाही. ऑक्टोबर उजाडेपर्यंत रमणरावांना ती कवायत आवडायलाही लागली होती. जगातल्या निदान चार गोष्टी तरी दिवसातून काही क्षण निश्चित असत.

२

दहा वाजता व्हिडिओ कॅसेट लावायची.

ती धनंजयनंच आणली होती, त्या वर्षीच्या मार्चमध्ये. सहा आठवडे जपानात ट्रेनिंगला गेला होता. परतताना विमानतळावरच्या दुकानात दिसली म्हणून बाबांसाठी घेतली. कॅसेटवर गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं, कुणाचं निवेदन नव्हतं. शहरातून विमानतळाकडं जाणारी विजेची एक्सप्रेस, आणि ड्रायव्हरच्या शेजारी लावलेल्या कॅमेऱ्यातून दिसणारा समोरचा रूळ. जवळजवळ तासभर एवढंच. ड्रायव्हर दिसत नसे. पडद्याच्या डाव्या बाजूनं अधूनमधून पांढरा हातमोजा घातलेला एक हात पुढं येई, सिग्नलकडं बोट रोखी, आणि मागून एक कोरडा, स्पष्ट आवाज काहीतरी पुकारी. प्लांटवर करतात तेच.

सगळ्या ओमानात तेव्हा रूळ म्हणून नव्हता. खिडकीबाहेर पिवळी जमीन, पाण्याच्या टाक्या, लांब कुठंतरी समुद्राची एक पट्टी. आत मात्र शहर संपलं की दोन्ही बाजूंना हिरवीगार भातखाचरं लागत. कलावतीबाई देवगडकडच्या. मांडीवर भाजीचं ताट घेऊन त्या तेवढ्यासाठी बसत.

"बघा, पाणी कसं बांधून ठेवलंय खाचरात. आमच्या भाऊंना एवढं कधी जमलं नाही."

"भाऊंना रेल्वे नव्हती शेजारी."

"रेल्वेनं काय पाणी बांधतात?"

चिकू खाली चटईवर बसून वर उचलल्या जाणाऱ्या मोज्याची नक्कल करी. खाचरं संपली आणि समोर शेवटच्या बोगद्याचं तोंड आलं की कलावतीबाई म्हणत, "पुढं नुसता काळोख. फिरवा मागं." आणि रमणराव कॅसेट मागं फिरवत. रोज, न चुकता, बोगद्याच्या तोंडाशी.

मोजायची सवय त्यांच्या हाडात होती. एका सकाळी त्यांनी सहज वहीत रेघा ओढायला सुरुवात केली. सिग्नल किती, हात किती वेळा आला. चार दिवस सलग मोजल्यावर त्यांनी वही मिटली आणि चष्मा पुसला.

सिग्नल, वेगाच्या पाट्या, फलाट मिळून एकेचाळीस. हात सत्तेचाळीस वेळा आला होता.

सहा वेळा तो समोर काहीच नसताना आला होता. सरळ रूळ, दोन्हीकडं भात, आकाश. मोजा पुढं येई, ठामपणे बोट रोखी. आणि त्या सहाही वेळी आवाज एकच छोटा शब्द पुकारी, जो एकाही सिग्नलपाशी पुकारला जात नव्हता.

"चौकटीच्या बाहेर पाटी असेल बाबा," धनंजय रात्री जेवताना म्हणाला. "कॅमेऱ्याला सगळं थोडंच दिसतं?"

हे उत्तर योग्य होतं. रमणरावांनी ते वहीत लिहून ठेवलं.

३

पाचवी जागा कधी सुरू झाली हे त्यांना सांगता येईना, आणि पुढं याच गोष्टीनं त्यांना सगळ्यात जास्त छळलं.

एका सकाळी बाहेरच्या दाराचं कुलूप पुकारून ते वळले, आणि हात खाली यायच्या ऐवजी पुन्हा वर गेला. पॅसेजच्या टोकाला, कपड्यांचं कपाट आणि निजायच्या खोलीचं दार यांच्यामध्ये, हातभर भिंत मोकळी होती. तिथं ना खटका ना कडी. बोट तिथं रोखलं गेलं आणि ते म्हणाले, "आहे!"

मग ते तसेच उभे राहिले. एअर कंडिशनरचा घरघराट मध्येच थांबला, आणि घर एवढं शांत झालं की त्यांना आपला हात खाली येताना सदऱ्याची बाही सरकल्याचं ऐकू आलं.

काय आहे?

सवयीचा झटका, त्यांनी स्वतःला समजावलं. चार वेळा केलेली क्रिया पाचव्यांदा आपोआप होते. म्हाताऱ्या मेंदूत हे घडतं, पुस्तकात याला नावही आहे. नाव आठवलं नाही. त्यानं ते जास्त घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून हात खाली ठेवला. बाहेरच्या दारापाशी दोन्ही हात पाठीमागं बांधले. तेव्हा मागून, पॅसेजमधून, बारीक आवाज आला.

"आहे!"

चिकू उभी होती. इवलासा हात ताठ, बोट त्याच हातभर भिंतीकडं.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"You only do it, आजोबा," ती म्हणाली, आणि बाहुली ओढत निघून गेली.

आपण कालच पहिल्यांदा केलं होतं. की नाही? त्याआधी कितीतरी दिवस करत होतो आणि कालच लक्षात आलं? की पोरीनं आधी केलं आणि आपण तिचं उचललं? निरीक्षकावरच विश्वास नसला की निरीक्षणाचं काय करायचं, हा प्रश्न ते एम.एस्सी.च्या मुलांना घालत असत. उत्तर मुलांनाही कधी आलं नव्हतं.

४

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा मुनीर दर चार दिवसांनी पिण्याच्या पाण्याचा मोठा बाटला खांद्यावर घालून वर येई. रत्नागिरीजवळच्या कुठल्याशा खाडीकाठच्या गावचा. सोळा वर्षं मस्कतच्या आसपास काढलेली, तरी बोली तशीच.

"काकानू, यल्ला, दार उघडा, खांदा मोडला!"

तो बाटला घेऊन पॅसेजमधून स्वयंपाकघराकडं निघाला. रमणराव दाराशी उभे राहून बघत होते. कपाटापाशी आल्यावर मुनीर थबकला, अंग चोरून उजवीकडच्या भिंतीला घासला आणि म्हणाला, "जरा सरका हो."

मग पुढं गेला. बाटला ठेवल्याचा आवाज आला. परत येताना तो तिथंच कपाटापाशी उभा राहिला आणि मान खाजवायला लागला.

"काकी खंय हायत?"

"हॉलमध्ये. गुडघ्याला तेल लावतायत."

"मला वाटला हितं हुब्या हायत." तो हसला, पण हसू लवकर संपलं. "डोळं तपासून घ्यायला होवं, इन्शाल्ला, पुढल्या म्हयन्यात."

"काय दिसलं?"

"दिसला काय नाय, काका. कुणी वाटेत असला का आपण सरकतो ना, तसा झाला." जाताना तो पॅसेजमध्ये पुन्हा तसाच, भिंतीला घासून गेला.

पुढच्या खेपेपासून मुनीर बाटला दाराबाहेर ठेवू लागला. जिन्यात पाठ धरते म्हणाला.

रमणराव त्या दिवशी दुपारी त्या मोकळ्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. भिंत थंड होती. रंगाचा एक पोपडा निघाला होता. मग त्यांनी हात उचलला आणि, कुणी बघत नाही याची खात्री करून, स्वतःहून, समजून उमजून म्हणाले, "आहे." म्हटल्यावर बरं वाटलं. कुलूप लावून झाल्यावर वाटतं तसं.

५

पूर्वाच्या शाळेतल्या दोन बाया शुक्रवारी चहाला आल्या होत्या. चिकूनं त्यांना आपली फेरी करून दाखवली. गॅस, गीझर, कडी, कुलूप. बाया कौतुकानं हसल्या. मग चिकू पॅसेजकडं वळली.

"आहे!"

"What is there, बेटा?"

"आहे!" चिकूनं पुन्हा सांगितलं, मोठ्या माणसाला एवढंही कळू नये अशा सुरात.

"कोण आहे?" पूर्वानं विचारलं.

चिकूनं आईकडं बघितलं, मग भिंतीकडं, आणि खांदे उडवले. बाया हसल्या, पण चहा उरकून लवकर उठल्या.

त्या गेल्यावर पूर्वा सासऱ्यांच्या समोर येऊन बसली. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

"बाबा, गॅसचं ठीक आहे. पण भिंतीकडं बघून हे काय? ती रात्री पाणी प्यायला उठली तरी तिथं थांबते आणि बोट दाखवते. मी बघितलंय."

"मी बंद करतो."

"तुम्हालाही... तसं काही दिसतं का?"

हा प्रश्न तिनं फार जपून विचारला. रमणरावांना कळलं की तो तिच्या एकटीचा नव्हता. नवरा-बायकोनं त्यावर रात्री बोलून ठेवलं होतं.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. हे खरं होतं.

"मग प्लीज थांबवा. नाहीतर आम्हाला काहीतरी करावं लागेल. खुदेजाबाई आहेत खालच्या मजल्यावर, त्या मुलं सांभाळतात. तुम्ही दोघं पुण्याला जरा विश्रांती..."

"पूर्वा," कलावतीबाई म्हणाल्या, "चहाचे कप उचल."

वाक्य आता जवळजवळ पुरं झालं होतं.

६

रमणरावांनी थांबवलं. चिकूलाही नीट सांगितलं, की चारच जागा, पाचवी नाही. कॅसेट कपाटात ठेवून दिली. पॅसेजमधून जाताना ते खाली फरशीकडं बघत चालत.

पाच दिवस काही झालं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ते वर्तमानपत्र वाचत होते. चिकू पॅसेजमध्ये गेली. तिनं सवयीनं हात उचलला. मग तो हात हवेत तसाच राहिला.

"नाही," ती म्हणाली.

रमणरावांनी पेपर खाली केला. पोरगी भिंतीकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. खुर्चीवर ठेवलेली वस्तू खुर्चीवर नाही, एवढंच. ती न्हाणीघरात डोकावली. "नाही." स्वयंपाकघर. "नाही." आजी-आजोबांच्या पलंगाखाली वाकून, "नाही." घरभर तिची अनवाणी पावलं वाजत राहिली आणि दर खोलीतून तोच शब्द येत राहिला.

शेवटी ती आईबाबांच्या खोलीत गेली. तिथं खिडकीखाली तिचा छोटा पलंग होता.

पावलं तिथं थांबली.

"आहे," चिकू म्हणाली. यावेळी हळू, कुणी झोपलेलं असावं तशी.

रमणराव धावत गेले. पलंगावर फुलाफुलांची चादर, उशी, बाहुली. बाकी काही नाही. त्यांनी चादर झटकली, गादी उचलून पाहिली. चिकू दाराशी उभी राहून बघत होती.

त्या दुपारी ती झोपली ती पलंगाच्या अगदी कडेला, एक पाय खाली लोंबकळत. भिंतीकडची बाजू मोकळी. रमणरावांनी तिला दोनदा उचलून मध्ये ठेवलं. दोन्ही वेळा ती झोपेतच पुन्हा कडेला सरकली, आपल्याबरोबर झोपणाऱ्याला जागा करून द्यावी तशी.

तिसऱ्यांदा उचलताना त्यांनी भिंतीकडच्या चादरीवर हात टेकला. एअर कंडिशनर तासभर चालू होता, खोली गार होती. चादर तेवढ्या जागेत कोमट होती.

आपलाच तळहात गरम असेल. त्यांनी दुसरा हात लावून पाहिला. मग दोन्ही हात मागं घेतले आणि संध्याकाळपर्यंत त्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसून राहिले.

७

दुसऱ्या दिवशी कलावतीबाई चिकूला घेऊन खाली खुदेजाबाईंकडं गेल्या तेव्हा रमणरावांनी कॅसेट काढली. एवढं त्यांना कळत होतं की जे काही मोजायचं राहिलं असेल ते बोगद्यात राहिलं असेल.

भातखाचरं गेली. सहाव्यांदा तो हात शून्यात रोखला गेला. मग बोगद्याचं तोंड आलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते पुढं जाऊ दिलं.

बाहेर काळोख झाला, आणि ड्रायव्हरच्या समोरची काच आरसा झाली.

त्यात ड्रायव्हरची केबिन दिसत होती. अंधुक, हिरवट, दिव्याच्या पट्ट्यांबरोबर उजळत आणि विझत. ड्रायव्हरची टोपी, त्याचे खांदे, वेगाच्या दांड्यावरचा डावा हात. उजवा मोजा उचलला गेला, पुढं आला, काचेवर रोखला गेला. तोच छोटा शब्द.

रमणरावांनी कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा बघितलं. बोट बाहेर जात नव्हतं. ते काचेतल्या प्रतिबिंबावर टेकत होतं. त्या सहाही वेळा, उन्हात, भातखाचरांच्या मधे, तो माणूस बाहेरचं काही दाखवतच नव्हता. काचेत त्याला आपल्या मागची जागा दिसत होती, आणि तो ती तपासत होता.

मागं, ड्रायव्हरच्या डाव्या खांद्यापलीकडं, कुणीतरी होतं. दिव्याची पट्टी आली की दिसे, गेली की जाई. पाठमोरं. चालत्या गाडीत कुणीही पुढं बघून उभं राहील. हे गाडीच्या उलट, डब्याच्या भिंतीला तोंड लावून उभं होतं. अगदी लावून. त्यांनी चित्र थांबवलं तेव्हा पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि त्यांत काही राहिलं नाही.

बोगद्यात हात आणखी तीनदा आला. तीनदा तोच शब्द.

मग गाडीचा वेग कमी झाला. जमिनीखालचा फलाट, विमानतळाचं स्टेशन, रुळांचा शेवट. गाडी थांबली. दारं उघडल्याची घंटा वाजली, पावलांचा आणि चाकांच्या बॅगांचा आवाज आला. मोजा पुन्हा वर गेला. यावेळी आवाज यायला वेळ लागला. आणि आला तो वेगळा शब्द होता, खाली उतरत गेलेला. हात बराच वेळ तसाच राहिला.  आता काचेत फक्त टोपी आणि खांदे होते.

तिथं चित्रफीत संपली.

रमणराव खरखरणाऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. रेघा त्यांनी ओढल्या नाहीत. धनंजयनं ती कॅसेट त्याच स्टेशनच्या वरच्या मजल्यावर घेतली होती.

आपण उलटं समजत होतो, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. तो माणूस ते आहे की नाही हे बघत नव्हता. तो ते तिथं ठेवत होता. जोवर कुणी वेळच्या वेळी बघून म्हणतं आहे तोवर ते भिंतीकडं तोंड करून उभं राहतं. आणि आपण पाच दिवस फरशीकडं बघत चाललो.

हे सगळं एका वृद्ध माणसाच्या डोक्यात तयार झालेलं असू शकतं. शक्यता मोठी आहे. पण त्या मोठ्या शक्यतेवर चिकूला पणाला लावायचं का, हा प्रश्न संख्याशास्त्राचा नव्हता.

८

ते त्याच दुपारी तिच्या पलंगासमोर उभे राहिले आणि भिंतीकडच्या मोकळ्या बाजूला बोट रोखून म्हणाले, "आहे." तासाभरानं पुन्हा, पण बोट हातभर अलीकडं. संध्याकाळी दारापाशी. दुसऱ्या दिवशी पॅसेज. चुकून एक वेळ राहिली की चिकू पुन्हा कडेला झोपे, आणि त्यांना पलंगापासून सुरुवात करावी लागे.

अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी त्यांनी हॉलमधल्या आपल्या खुर्चीच्या डाव्या हाताशी, वीतभर अंतरावर बोट रोखलं आणि म्हटलं. चटईवर खेळणारी चिकू वर बघून मान हलवून पुन्हा खेळायला लागली. त्या दुपारी ती पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून झोपली.

रात्री त्यांनी धनंजयला सांगितलं की आज पुन्हा गॅस चालू राहिला होता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्यांचा आवाज कापला, आणि त्यामुळंच ते खरं वाटलं.

"माझ्या भरवशावर पोर ठेवू नकोस. खुदेजाबाईंना विचार. आई राहील तिच्यासोबत. मला एकट्याला पाठव."

 पूर्वा रडली. तिनं अडवलं मात्र नाही.

"सेहेचाळीस वर्षं झाली," कलावतीबाई अंधारात म्हणाल्या. "आणि आता मला सोडून निघालात. गॅस चालू राहिला नव्हता. मी घरातच होते."

"पोरीसाठी जातोय."

"तिथं कुणाबरोबर राहणार तुम्ही?"

 कलावतीबाई रमणरावांच्या डाव्या हाताला निजत असत. त्या रात्री रमणरावांनी त्यांना उजवीकडं निजायला सांगितलं होतं, आणि त्यांनी कारण विचारलं नव्हतं.

मस्कतच्या सीब विमानतळावर रमणरावांना सगळ्यात जास्त भीती वाटली. असल्याच जागी ते उतरलं होतं. बॅगा तोलताना त्यांनी हात उचलला, डावीकडं बोट रोखलं आणि म्हटलं. रांगेत म्हटलं. दर दोन मिनिटांनी, खणखणीत, सगळ्यांसमोर. लोक वळून बघत होते. एक लहान मूल हसलं. पूर्वानं पदरात तोंड लपवलं आणि धनंजयनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. एका प्रतिष्ठित माणसाचा शेवट कसा होतो ते सगळे बघत होते. रमणरावांनी ते बघू दिलं.

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं शिक्का मारला. "खलास," तो म्हणाला आणि पासपोर्ट पुढं सरकवला. त्यांनी एकदाही मागं वळून चिकूकडं बघितलं नाही. वळलं तर डावीकडची जागा नजरेतून सुटली असती.

९

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी ते चौदा महिने सांभाळलं.

दर रविवारी फोन येई. चिकू शाळेत जायला लागली. खुदेजाबाईंनी तिला घावन खायला शिकवलं. "ती ते बोट दाखवणं पार विसरली हो," कलावतीबाई सांगत. "मी मुद्दाम विचारलं नाही." रमणराव म्हणत, "विचारू नकोस." त्यांच्या बोलण्यात आता शब्द गळत. पेपरवाल्याचं नाव, स्वतःच्या प्रबंधाचा विषय. डॉक्टर गोळ्या देत. फेरी मात्र चुकली नव्हती. गॅस. गीझर. कडी. कुलूप. आणि मग.

जानेवारीतल्या एका सकाळी ते कुलूप पुकारून वळले. हात पुन्हा वर गेला आणि हवेत तसाच राहिला.

अजून एक होतं.

अजून एक जागा होती, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. तिथं काहीतरी म्हणायचं होतं. ते पॅसेजमध्ये उभे राहिले. खोल्यांकडं बघितलं. घड्याळात आठ वाजले, साडेआठ वाजले. काय तपासायचं होतं? नळ? खिडकी?  हे चुकलं तर फार वाईट होतं, एवढंच आठवत होतं, आणि का ते आठवत नव्हतं. आणि आणखी एक आठवत होतं, की ही पाचवी जागा एका लहान मुलीला माहीत होती.

त्यांनी वहीत नंबर शोधून फिरवला. दोन देशांच्या मधली खरखर, मग घंटा. तिकडं सात वाजले असतील. एकदा, दोनदा, तीनदा.

"Hello?" चिकूचा आवाज. केवढा मोठा झाला होता. "Hello? कोण आहे?"

चिकू, पाचवं काय होतं गं? तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते. विचारलं की ती आठवेल. आठवलं की ती हात उचलेल. घरभर बघत फिरेल, एकेका खोलीत, जोवर सापडत नाही तोवर.

तेव्हा त्यांना सगळं आठवलं. फक्त ते आत्ता कुठं आहे, एवढं सोडून.

"Hello? आजी, कुणी बोलतच नाहीये!"

रमणरावांनी रिसीव्हर जपून, आवाज न करता ठेवला. मग ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, हात खांद्याच्या रेषेपर्यंत उचलला आणि दाराजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या कोपऱ्याकडं वळले.